वकील आणि मॅनेजर एकच माणूस, तोही माळकरी: भावाचा करार कसा करावा?

ओवी_इंद्रायणी:

नमस्कार मंडळी. धाकट्या भावाच्या कराराबद्दल सल्ला हवाय. तो अभंग गातो. लहानपणी गावच्या भजनात टाळ धरून बसायचा, पुढे रीतसर शास्त्रीय शिकला, आता चाली स्वतःच बांधतो. आषाढीच्या सुमारास त्याचा एक व्हिडिओ खूप फिरला आणि कार्यक्रमांसाठी फोन यायला लागले. तारखा, बिदागी, साथीदार, प्रवास हे सगळं बाबांना एकट्यानं झेपत नाही.

अशात एक काका घरी आले. पेशानं वकील. संगीत कंपन्यांचे करारमदार करण्यात उभी हयात गेली, आता कलाकारांचं मॅनेजमेंटही बघतात. गळ्यात माळ, एकादशी कडक, वारी चुकवत नाहीत. बोलणं सरळ आहे आणि गाण्यातलं त्यांना कळतं, हेही खरं. बाबांनी तर ‘पांडुरंगानंच धाडला’ असं धरून टाकलंय.

मसुदा असा आहे. मुदत ५ वर्षं. येईल त्या सगळ्या पैशाच्या २० टक्के त्यांचे. वकिलीची वेगळी फी नाही, कायद्याचं सगळं तेच बघणार. यूट्यूब चॅनेल त्यांच्या कंपनीच्या नावावर. भावाच्या वतीनं सह्या करायला आणि पैसे स्वीकारायला मुखत्यारपत्र. भाऊ अजून सतरा वर्षांचा आहे, दिवाळीनंतर अठरा पूर्ण होतील, म्हणून तूर्त बाबांची सही मागितलीय.

‘हे दुसऱ्या एखाद्या वकिलाला दाखवू या’ म्हटलं तर बाबा दुखावले. माळकरी माणसावर संशय घेतेस का, म्हणाले. मला खरंच संशय घ्यायचा नाहीये. पण पोराची पाच वर्षं आहेत ही. काय करू?

पखवाज_बोलतो:

ताई, बाबांचं अगदीच चूक आहे असं मला वाटत नाही. मी साथीला बसतो. कार्यक्रम संपल्यावर आयोजक गायब, मॅनेजर फोन उचलत नाही आणि साथीदार वाद्यं घेऊन मध्यरात्री एसटी स्टँडवर, हे भोगलेलं आहे. अशा जगात देवाला भिऊन वागणारा माणूस मिळाला तर तो धरून ठेवावा.

मी ज्यांच्याकडे सर्वांत निर्धास्त असतो ते मॅनेजर पाच वेळचे नमाजी आहेत. शुक्रवारी दुपारी त्यांचा फोन लागत नाही, पण साथीदारांची पाकिटं कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी हातात पडतात. विचारलं तर म्हणाले, मजुराचा घाम वाळायच्या आत मजुरी द्यावी अशी आम्हाला शिकवण आहे. श्रद्धेनं माणसाला वळण लागतं ते असं. तेव्हा काकांना नाही म्हणायची घाई करू नका.

काळा_डगला:

मी वकिली करतो, पण या क्षेत्रातली नाही. तरी दोन गोष्टी सांगतो, कारण त्या काकांनाही माहीत असणारच.

बार कौन्सिल ऑफ इंडिया ही वकिलांची नियामक संस्था. तिच्या नियमांत नियम ४७ आहे. वकिलानं स्वतः कुठलाही धंदा करायचा नाही. निष्क्रिय भागीदार राहता येतं, तेही तो धंदा वकिलीच्या प्रतिष्ठेला बाधक नाही असं राज्य बार कौन्सिलला वाटलं तर. पुढच्याच नियमाप्रमाणे कंपनीचा संचालक होता येतं, पण कार्यकारी स्वरूपाचं काम करता येत नाही, आणि व्यवस्थापकीय संचालक तर होताच येत नाही. म्हणजे तारखा घेणं, बिदागी ठरवणं, त्यावर टक्केवारी घेणं हे रोजचं काम सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, चालू असताना करणं नियमात बसत नाही. ज्याला ते करायचंय त्यानं बार कौन्सिलला कळवून वकिली स्थगित करावी. काकांनी तसं केलंय का, हे आधी विचारा. यात अपमान वाटण्यासारखं काही नाही.

दुसरं सज्ञानतेचं. अज्ञान, म्हणजे अठरा पूर्ण न झालेल्या व्यक्तीनं केलेला करार मुळातच रद्दबातल, हे मोहोरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष या १९०३ च्या प्रिव्ही कौन्सिलच्या निकालापासून पक्कं आहे. मग ‘बापानं सही केली तर?’ असं सगळेच विचारतात. त्यावर आपल्या मुंबई उच्च न्यायालयाचाच निकाल आहे, राजराणी विरुद्ध प्रेम अदीब, १९४९ च्या एआयआर या निकालांच्या संग्रहात छापलेला. अज्ञान अभिनेत्री, तिच्या वतीनं वडिलांनी निर्मात्याशी करार केला, पुढे तिची भूमिका दुसरीला दिली गेली. तिनं दाद मागितली तेव्हा न्यायालय म्हणालं, मुलीच्या सेवेबद्दल वडिलांनी केलेला करारच टिकत नाही. नुकसान झालं ते मुलीचं. म्हणून बाबांच्या सहीवर काकांनीही विसंबू नये आणि तुम्हीही. सज्ञान झाल्यावर जुन्या करारावर ‘मंजूर’ लिहूनही भागत नाही, नवा करार करावा लागतो.

ओवी_इंद्रायणी:

बापरे. म्हणजे घाईची सही कुणाच्याच कामाची नाही. हे बाबांना दाखवते.

वाळवंट:

धागा वाचला आणि राहवलं नाही, कारण मी त्या काकांच्याच जातकुळीतला. बरीच वर्षं संगीत कंपन्यांचे करार लिहिले, मग कलाकारांचं काम बघावंसं वाटलं तेव्हा सनद स्थगित केली. माळ घालतो. दिंडीत चालतो. त्या पंधरवड्यात माझ्या कलाकारांच्या तारखा कोण बघणार हे वैशाखातच ठरलेलं असतं.

पखवाजदादांनी वळणाबद्दल लिहिलं ते मला पटतं. पण वळण ज्याचं त्याला. माझी माळ मला अपरात्री हिशेब पुन्हा तपासायला लावते. समोरच्या माणसाला मात्र त्या माळेतून माझा हिशेब दिसत नाही. त्याला दिसायला हवा तर कागद लागतो. म्हणून नवा कलाकार आला की मी पहिलं वाक्य हे बोलतो: माझा करार दुसऱ्या वकिलाला दाखवा, मी सुचवलेल्या नव्हे, तुम्ही शोधलेल्या. हे मी भलेपणा मिरवायला सांगत नाही. मॅनेजर म्हणून मी कराराच्या एका बाजूला बसलोय. त्याच करारात दुसऱ्या बाजूचा वकील मी कसा होणार? टक्केवारी १५ असावी की २०, या प्रश्नात माझं आणि कलाकाराचं हित एकमेकांच्या विरुद्ध आहे. तिथं कितीही नाम घेतलं तरी मी दोन खुर्च्यांत बसू शकत नाही. खरं तर देवाला मानणाऱ्या माणसाला हे आधी कळायला हवं, कारण स्वतःचं मन स्वतःला कसं फसवतं यावर आपल्या संतांनी जन्मभर लिहिलंय.

‘वकिलीची वेगळी फी नाही’ हे वाक्य ऐकायला उदार वाटतं. त्याचा दुसरा अर्थ असा की तुमच्या भावाला स्वतःचा वकीलच नाही.

आता मसुद्याकडे. ‘येईल त्या सगळ्या पैशाच्या २० टक्के’ यावर थांबा. समजा एका कार्यक्रमाचे २ लाख ठरले. पखवाज, तबला, हार्मोनियम, टाळकरी, ध्वनिव्यवस्था, गाडी, मुक्काम मिळून १ लाख २० हजार गेले. उरले ८० हजार. एकूण रकमेवर २० टक्के घेतले तर मॅनेजरचे ४० हजार आणि गायकाचेही ४० हजार. खर्च वजा जाता २० टक्के घेतले तर मॅनेजरचे १६ हजार, गायकाचे ६४. टक्के तेच, शब्द एक बदलला. भजनी मंडळाच्या आकाराचा ताफा घेऊन फिरणाऱ्या गायकाला एकूण रकमेवरची टक्केवारी परवडत नाही. एकटा गिटार घेऊन गाणाऱ्याला एक वेळ परवडेल.

मुखत्यारपत्राबद्दल माझं मत ठाम आहे. पैसे भावाच्या खात्यात जावेत आणि तिथून मॅनेजरचं बिल चुकतं व्हावं. उलट दिशेनं कधीच नाही. सह्यांचा अधिकार द्यायचाच तर एकेका कार्यक्रमाच्या तारखेपुरता द्या. गाण्याचे हक्क देण्याघेण्याचा अधिकार कुणालाही देऊ नका. मला दिला तरी मी घेत नाही.

सातासमुद्रापार:

वाळवंट यांच्या शेवटच्या परिच्छेदाला जोडून लेनर्ड कोहेन यांचं उदाहरण देतो. गायक आणि कवी, ज्यू घराण्यात जन्मलेले. १९९० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या माउंट बाल्डीच्या झेन मठात राहायला गेले, १९९६ मध्ये त्यांना भिक्षू म्हणून दीक्षा मिळाली. व्यवहार सगळा मॅनेजरवर सोपवलेला, अनेक वर्षांची ओळख, पूर्ण विश्वास. २००५ मध्ये कोहेन यांनी त्या मॅनेजरवर दावा लावला तेव्हा जगाला कळलं की म्हातारपणासाठी ठेवलेली पुंजी जवळपास संपलेली आहे आणि गाण्यांचे प्रकाशन हक्कही विकले गेलेत. २००६ मध्ये न्यायालयानं ९० लाख डॉलर द्या असा निकाल दिला, पण निकाल हातात येणं आणि पैसे हातात येणं यात फरक असतो. २००८ मध्ये, वयाच्या ७३ व्या वर्षी, ते पुन्हा दौऱ्यावर निघाले.

माझ्या मते या धाग्याला लागू पडणारा भाग पुढचा आहे. या सगळ्या निस्तरण्यात त्यांच्या बाजूनं उभे राहिलेले रॉबर्ट कोरी हे वकील, आणि पुढे तेच त्यांचे मॅनेजर झाले. म्हणजे वकील-मॅनेजर एकच असणं हे मुळात वाईट असं मी म्हणणार नाही. अमेरिकेत ते सर्रास चालतं. मात्र अमेरिकन बार असोसिएशनच्या आदर्श नियमांत अट आहे: वकील अशिलाशी धंद्याचा व्यवहार करत असेल तर अटी रास्त हव्यात, अशिलाला समजतील अशा लेखी हव्यात, ‘स्वतंत्र वकिलाचा सल्ला घे’ हेही लेखी सांगायला हवं आणि अशिलाची सहीनिशी संमती हवी. ताईंचे बाबा ज्याला संशय म्हणतात ते तिथं वकिलाचं स्वतःचं कर्तव्य आहे.

पखवाज_बोलतो:

मठात बसलेल्या माणसाच्या बाबतीत असं व्हावं, वाचून वाईट वाटलं. मुखत्यारपत्राबद्दल वाळवंटांशी सहमत. ओवीताई, ते कलम काढून टाकाच.

ओवी_इंद्रायणी:

एक मूलभूत प्रश्न. शब्द तुकोबांचे, चाल भावाची, गाणं भावाचं, व्हिडिओ काढला काकांच्या ओळखीच्या स्टुडिओनं. यात भावाचं म्हणून नक्की काय आहे? काका म्हणाले, अभंगात कसले आलेत हक्क, ते तर सगळ्यांचे.

वाळवंट:

अभंग सगळ्यांचा हे खरं, आणि तसाच राहो. पण चाल तुमच्या भावाची आहे. आपल्या कॉपीराइट कायद्यात संगीतकाराच्या हयातीनंतर ६० वर्षं चालीवर हक्क राहतो. श्रीनिवास खळे २०११ मध्ये गेले. त्यांनी चाल दिलेल्या अभंगाचे शब्द कुणीही छापावेत, पण त्या चालीवरचा हक्क २०७१ संपेपर्यंत आहे. ध्वनिमुद्रणाचा हक्क तिसराच, तो सहसा पैसे घालून मुद्रण करणाऱ्याचा, प्रसिद्धीपासून ६० वर्षं. आणि गायक म्हणून भावाचा सादरकर्त्याचा हक्क चौथा. हनुमान चालिसा तुलसीदासांची, पण तिच्या एका व्हिडिओला यूट्यूबवर अब्जावधी वेळा पाहिलं गेलंय आणि त्या मुद्रणाचा मालक एक कंपनी आहे. पैसा कुठं असतो ते यावरून ध्यानात यावं.

२०१२ ची दुरुस्ती भावासाठी फार मोलाची आहे. जावेद अख्तर राज्यसभेत होते, त्यांनी ती लावून धरली. तिच्यामुळे गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा करारानं काढून घेता येत नाही. वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला (कर्त्यांच्या वतीनं रॉयल्टी गोळा करणारी संस्था) सोडून तो कुणाला देताही येत नाही. सही केली तरी ते कलम टिकत नाही. सज्ञान झाल्यावर चालींचा कर्ता म्हणून भावाला आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या सोसायटीचं सभासद करा. ही सोसायटी १९६९ पासून आहे. गायक म्हणून इसाम्रा (आधीची इस्रा) ही गायक-वादकांची सोसायटी वेगळी. हे अर्ज मॅनेजरच्या नावानं नव्हे, भावाच्या नावानं.

आता चॅनेल. चॅनेल ज्याच्या मेलवर उघडलं त्याच्या हातात किल्ली. करार संपला, माणूस सोडून गेला, की गायकाला स्वतःच्याच आवाजासाठी अर्ज करत बसावं लागतं. आणखी एक गोष्ट मला डाचते. कंपनीनं अभंगाचं मुद्रण कंटेंट आयडीत, म्हणजे जुळणारे व्हिडिओ आपोआप शोधणाऱ्या यूट्यूबच्या यंत्रणेत, टाकलं की तीच पारंपरिक चाल गाणाऱ्या दुसऱ्या एखाद्या मंडळाच्या व्हिडिओवर दावा लागू शकतो. चारशे वर्षं गावोगाव गायली गेलेली चाल, आणि गावच्या मंडळाला नोटीस. माझ्या कलाकारांच्या करारात मी कलमच घालतो की पारंपरिक चालींवर असा दावा लावायचा नाही, चुकून लागला तर कळल्याबरोबर मागे घ्यायचा. त्यात थोडं उत्पन्न जातं, जाऊ दे. माझ्या श्रद्धेचा माझ्या धंद्यात सर्वांत स्पष्ट दिसणारा कागद कुठला, असं कुणी विचारलं तर मी ते कलम दाखवीन.

काळा_डगला:

एक पुरवणी. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत गाणं वाजवायला सूट आहे, लग्नाची वरातही त्यात धरलीय. आयोजक बऱ्याचदा ही सूट तिकीट लावलेल्या भक्तिसंगीताच्या मैफलीलाही लावू पाहतात. सभागृहातला तिकिटाचा कार्यक्रम हा विधी नव्हे. भाऊ दुसऱ्या संगीतकाराच्या चाली गाणार असेल तर परवान्याचं कोण बघणार, हे आयोजकाच्या पत्रात लिहून घ्या.

मुक्तछंद:

सगळे पैशाबद्दल बोलताय. मला दुसरीच काळजी वाटते. मॅनेजर कडक माळकरी आहे. उद्या या मुलाला गझल गावीशी वाटली, सिनेमाचं गाणं आलं, दुसऱ्या धर्माच्या गायकाबरोबर गावंसं वाटलं तर? मॅनेजरची श्रद्धा कलाकाराच्या तारखा ठरवणार का? सतरा वर्षांचा मुलगा आहे, त्याचं गाणं अजून कुठं जाईल कुणाला ठाऊक.

वाळवंट:

फार योग्य प्रश्न. यावर मी माझी पद्धत सांगतो, ती सगळ्यांना पटेल असं नाही.

मी दारूच्या पैशाला हात लावत नाही. टीव्हीवर दारूच्या जाहिरातीला बंदी आहे, म्हणून कंपन्या त्याच नावानं सोडा आणि म्युझिक सीडी विकतात, संगीताचे मोठाले महोत्सव भरवतात. संगीत क्षेत्रात हा पैसा भरपूर आहे. व्यसनानं मोडलेली घरं दिंडीत माझ्या शेजारून चालतात, मी ते काम करू शकत नाही. पण हे बंधन माझं आहे. म्हणून करारात लिहिलेलं असतं: अशा प्रायोजकाचं काम कलाकाराला करायचं असेल तर त्यानं ते थेट किंवा दुसऱ्यामार्फत करावं, मला त्यात टक्का नको आणि त्यावरून मी करार मोडणार नाही. आधी सांगितलं की भांडण होत नाही. ऐन वेळी ‘माझ्या तत्त्वात बसत नाही’ म्हणून ठरलेली तारीख सोडणं म्हणजे कलाकाराच्या पोटावर पाय.

काय गावं, कुणाबरोबर गावं, यात मात्र मॅनेजरनं तोंड घालू नये. माझ्याकडे एक कव्वाल आहेत आणि चर्चमध्ये गाणारी एक मुलगीही. ईस्टरच्या आठवड्यात तिच्या तारखा मी घेत नाही, रमजानमध्ये कव्वालांच्या घेताना इफ्तारची वेळ विचारून घेतो. दुसऱ्याचं व्रत कसं सांभाळायचं हे मला माझ्या एकादशीनंच शिकवलं.

आणि देवळातलं कीर्तन किंवा सप्ताह, यावर मी टक्केवारी घेत नाही. जिथं कीर्तन करावं तिथं अन्नसुद्धा घेऊ नये असं तुकोबा सांगून गेले. त्यावरून गायकांनी मानधन घेऊ नये असं मी म्हणणार नाही, त्यांना घर चालवायचं असतं. पण माझा टक्का तिथं मला घशाखाली उतरत नाही. ओवीताई, तुमच्या काकांना हे जरूर विचारा: सेवेच्या गाण्यावरही २० टक्के का? मसुद्यात ‘सगळ्या पैशाच्या’ लिहिलंय म्हणून म्हणतो.

मुक्तछंद:

पटलं. भावाच्या करारातही हे असंच नावानिशी यावं, कुठली कामं मॅनेजर करणार नाही आणि ती कलाकाराला मोकळी आहेत.

ओवी_इंद्रायणी:

काल काका येऊन गेले. बाबांना तुमचे प्रतिसाद मोठ्यानं वाचून दाखवले होते, त्यामुळे ते शांत होते. राजराणीचा निकाल ऐकून बाबांनीच सही थांबवली.

सनदेचं विचारलं. काका म्हणाले, सनद चालू आहे, मॅनेजमेंटची कंपनी मुलाच्या नावावर आहे आणि मी मदत करतो. दुसरा वकील आणायला त्यांनी लगेच होकार दिला, उलट ‘मीच सांगायला हवं होतं’ म्हणाले, ते मला आवडलं. चॅनेल भावाच्या मेलवर राहील हेही मान्य केलं. सप्ताहाच्या गाण्यावर टक्का घेणार नाही असं त्यांनी आपणहून म्हटलं, तेव्हा बाबांचे डोळे भरून आले. पण एकूण रकमेवरची टक्केवारी सोडायला तयार नाहीत, आणि मुखत्यारपत्राचं नाव काढल्यावर जरा चिडले. त्याशिवाय काम करता येत नाही म्हणतात. भाऊ मात्र म्हणाला, ‘मला काका हवेत, पण माझे पैसे माझ्या खात्यात.’ तो एवढं स्पष्ट बोलेल असं वाटलं नव्हतं.

काळा_डगला:

मुलाच्या नावावर कंपनी आणि काम स्वतः करायचं, ही पळवाट धोक्याची आहे. तक्रार झाली तर बार कौन्सिल नावापेक्षा काम कोण करत होतं ते बघेल. त्यांनी एक काय ते ठरवावं: वकील म्हणून रीतसर फी घेऊन करार बघावेत, किंवा वकिली स्थगित करून मॅनेजर व्हावं. दिवाळीपर्यंत वेळ आहेच.

वाळवंट:

भावाचं वाक्य सोन्याचं आहे, तेच करारात पहिलं कलम करा. टक्केवारीवर तडजोड होऊ शकते: एकूण रकमेवरच हवी असेल तर १० टक्क्यांवर यावं, किंवा साथीदारांचं मानधन आणि प्रवास आधी वजा करून उरलेल्यावर २०. मुदत पाचऐवजी दोन वर्षं आणि पुढे दोघांच्या संमतीनं. मुखत्यारपत्रावर हटू नका. तारखा पक्क्या करायला अधिकारपत्राचं एक साधं पत्र पुरतं, त्यात कार्यक्रमाचं ठिकाण, दिवस आणि रक्कम लिहायची आणि खाली भावाची सही. नमुना माझ्याकडे आहे, आज रात्री व्यक्तिगत निरोपानं पाठवतो. तुमच्या वकिलाला दाखवूनच वापरा.